मोजून टाकलेलें पाऊल

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं धर्मग्रामांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं आम्हांस अशी सूचना केली कीं, पूर्वजांच्या स्तुतीचें भाषण तर प्रत्येक महोत्सवांत होतेंच. या वेळीं तरुणांच्या उपयोगाचें कांहीं सांगावें. तरुणांच्या मनांत आज कोणते प्रश्न घोळत आहेत हें आम्हांस ठाऊक आहे. वडिलोपार्जित वाडी राखावी कीं विकावी? नोकरी धरावी कीं स्वतःचा धंदा काढावा? कर्ज काढून परदेशीं जावें काय? शेजाऱ्यानें ज्या योजनेंत पैसे घातले तींत आपणही घालावे काय? या सर्वांच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे: धोका पत्करावा कीं नाहीं, व पत्करावा तर कोणता? याच विषयावर आज आम्ही चार शब्द बोलणार आहों.

कोणी म्हणेल, धर्मगुरूनें आत्म्याचें पहावें. पैशाअडक्याच्या व्यवहारांत त्यानें कां पडावें? परंतु घर बुडालें म्हणजे त्या घरांतील अश्रु प्रथम धर्मगुरूच्या दाराशींच येतात. शिवाय ज्या प्रभूनें पेरणाऱ्याचा, द्राक्षमळ्याचा व बाजारांत रिकाम्या उभ्या असलेल्या मजुरांचा दाखला दिला, त्यानेंच व्यापाराचा व भांडवलाचाही दाखला दिला आहे.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत ही कथा आहे. परदेशीं जाणाऱ्या एका धन्यानें आपल्या तीन चाकरांवर द्रव्य सोपविलें; एकास पांच तलांत, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक. पहिल्या दोघांनीं व्यापार करून आपापलें द्रव्य दुप्पट केलें. तिसऱ्यानें भीतीनें तें जमिनींत पुरून ठेविलें व धनी परतल्यावर जसेंच्या तसें परत केलें. तलांत म्हणजे कांहीं लहानसें नाणें नव्हे. तें चांदीचें एक भारी वजन असून त्याची किंमत सहा हजार दिनार धरीत, व एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी असे. म्हणजे ज्याच्या वांट्यास एकच तलांत आला त्याच्याही हातीं जवळजवळ वीस वर्षांची मजुरी होती. इतकें द्रव्य अंगावर पडल्यावर त्या गरीब चाकराची छाती धडधडली असल्यास नवल नाहीं. तरीही धन्यानें त्यास दोष दिला. कां? त्यानें चोरी केली नव्हती, उधळपट्टीही केली नव्हती. तेराव्या शतकांतील महापंडित संत थॉमस अक्वायनस यांनीं आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथांत या चाकराचें उदाहरण घेऊन त्याच्या दोषास नांव दिलें आहे. तो दोष म्हणजे क्षुद्रचित्तता. ईश्वरानें दिलेल्या शक्तीच्या मानानें फारच कमी कार्य अंगावर घेणें. परंतु त्याच ठिकाणीं त्यांनीं उलट बाजूचा दोषही सांगितला आहे, तो म्हणजे आपल्या शक्तीबाहेरचें कार्य गर्वानें अंगावर घेणें. भित्रेपणा जसा दोष, तसें आंधळें धाडसही दोषच.

म्हणून तलांतांच्या दाखल्याबरोबर लूककृत शुभवर्तमानांतील बुरुजाचा दाखलाही वाचला पाहिजे. ज्यास बुरूज बांधावयाचा आहे तो आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो, नाहीं तर पाया घालून काम अर्धवट पडतें व लोक हंसतात, असें प्रभूनें सांगितलें आहे. एक दाखला म्हणतो, पुरून ठेवूं नको. दुसरा म्हणतो, मोजल्यावांचून उठूं नको. जो यांतील एकच ऐकतो तो फसतो.

आतां दुसरा मुद्दा. धोक्याचा व न्याय्य नफ्याचा संबंध काय, याचाही विचार आमच्या पंडितांनीं सातशें वर्षांपूर्वीं केलेला आहे. संत थॉमस म्हणतात कीं, कर्ज दिलें म्हणजे पैसा घेणाऱ्याच्या मालकीचा होतो, व तो बुडाल्यास नुकसानही त्याचेंच. म्हणून देणाऱ्यानें मुद्दलाहून अधिक मागूं नये. परंतु जो व्यापाऱ्याशीं किंवा कारागिराशीं भागी करून पैसा देतो, त्याच्या पैशाची मालकी त्याच्याकडेच राहते व बुडाल्यास त्याचाच पैसा बुडतो; म्हणून नफ्यांतील वांटा हा त्याचा न्याय्य हक्क होय. व्याजाचा विचार पुढील शतकांत ख्रिस्तसभेनें परिस्थितीप्रमाणें अधिक सूक्ष्मपणें केला, हें खरें. परंतु या भेदांतील मर्म आजही ताजें आहे. नफा कोण घेतो एवढेंच पाहूं नये, तर धोका कोण वाहतो तेंही पहावें. आमच्या किनाऱ्यावर जेथें वांट्यानें मासेमारी चालते तेथें हें तत्त्व कोणी ग्रंथांतून शिकलेलें नाहीं. जाळें भरून आलें तर नाखव्यास वांटा व खलाशासही वांटा. जाळें रिकामें आलें तर दोघांच्याही चुली थंड. अशा व्यवहारांत लबाडीस जागा कमी, कारण सांगणारा व ऐकणारा एकाच होडींत बसलेले असतात.

मोजावें असें म्हटलें, पण मोजावें कसें? त्याचेंही उत्तर एका संन्यस्त पुरुषानें छापून ठेविलें आहे. लुका पाचोली या फ्रान्सिस्कन मठवासीयानें १४९४ सालीं व्हेनिस येथें गणिताचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. व्हेनिसचे व्यापारी ज्या दुहेरी नोंदीच्या पद्धतीनें वह्या लिहीत, ती पद्धति त्यानें त्यांत समजावून दिली. ती त्यानें शोधून काढली नाहीं, परंतु छापील पुस्तकांत तिचें पद्धतशीर वर्णन प्रथम त्याचेंच. तिचा आरंभ फार बोधप्रद आहे. धंद्यास हात घालण्यापूर्वीं व्यापाऱ्यानें आपल्याजवळ काय आहे व आपण कोणाचें काय देणें लागतों याची संपूर्ण यादी करावी. मग प्रत्येक व्यवहार दोनदां लिहावा, एकदां जमेस व एकदां नांवें. ज्यानें घेतलें त्याच्याकडे येणें लिहिल्यावांचून कोणास दिलेलें लिहितांच येत नाहीं. मनुष्य स्वतःस फसवूं पाहतो तेव्हां जमा मोठ्या अक्षरांत लिहितो व देणें विसरतो. दुहेरी नोंद त्यास तें विसरूं देत नाहीं.

बंधुभगिनींनो, तत्त्व पुष्कळ झालें. आतां दोन खऱ्या गोष्टी सांगतों. दोन्ही उत्तर अमेरिकेंतील आहेत, दोन्हींचा काळ जवळजवळचा आहे, व दोन्ही कष्टकरी लोकांच्या पैशाच्या आहेत.

कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत लेव्ही नांवाचें गांव आहे. तेथील अल्फोन्स देजार्दां हे ओटावा येथील लोकसभेंत फ्रेंच भाषणांची टिपणें घेण्याचें काम करीत. १८९७ सालीं सभागृहांत एका सभासदानें सावकारीवर भाषण केलें. दीडशें डॉलरांच्या कर्जापायीं एका मनुष्यावर पांच हजार डॉलर व्याजाचा बोजा बसल्याची हकीकत त्यांत होती. देजार्दां यांच्या मनास ती गोष्ट लागली. परंतु त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं पेढी उघडली नाहीं. जर्मनींत रायफायझन यांनीं शेतकऱ्यांसाठीं काढलेल्या पतपेढ्या, इटलींतील लोकपेढ्या यांचा त्यांनीं अभ्यास केला व यूरोपांतील जाणत्या लोकांशीं पत्रव्यवहार करून तीन वर्षें विचारपूस केली. मग ६ डिसेंबर १९०० रोजीं गांवकऱ्यांची सभा भरवून त्यांनीं सहकारी पेढी स्थापिली. तिचा भाग पांच डॉलरांचा, व तोही हप्त्यानें भरतां येई. २३ जानेवारी १९०१ रोजीं पहिला भरणा झाला. किती झाला म्हणतां? सर्वांचा मिळून सव्वीस डॉलर व चाळीस सेंट!

त्या पेढीस पुढें कित्येक वर्षें कायद्याचें संरक्षण नव्हतें. क्वेबेकच्या विधिमंडळानें तसा कायदा १९०६ सालीं केला. तोंपर्यंत पेढी बुडाली असती तर चालकांवर, व सर्वांत आधीं देजार्दां यांच्यावर, प्रसंग आला असता. पेढीचें काम त्यांच्या घरांतूनच चाले, व ते ओटावास असतां त्यांची पत्नी दोरिमेन हीच मुलेंबाळें सांभाळून, वेतन न घेतां, पेढीच्या वह्या सांभाळी. पाहा, धोका होता. पण तो जाणून घेतलेला होता, स्वतःच्या डोक्यावर घेतलेला होता, व घरांतील बाईस त्यांतील पै न् पै ठाऊक होती. कर्ज केवळ सभासदांस मिळे, म्हणजे ज्यास द्यावयाचें त्यास शेजारीपाजारी ओळखीत असत. पुढें अशा पेढ्या बहुधा धर्मग्राम हीच सीमा धरून स्थापन होत गेल्या, व अनेक धर्मगुरूंनीं त्यांस हात दिला. आज तीच संस्था कॅनडांतील मोठ्या वित्तसंस्थांपैकीं एक आहे.

दुसरी गोष्ट बॉस्टन शहरांतील. तेथें १९२० सालीं चार्ल्स पोंझी नांवाच्या गृहस्थानें जाहीर केलें कीं, पंचेचाळीस दिवसांत शेंकडा पन्नास नफा देतों. निरनिराळ्या देशांच्या टपालखात्यांचीं उत्तरदर्शक कूपनें स्वस्त घेऊन महाग बदलून घेण्याची ही युक्ति आहे, असें तो सांगे. प्रारंभीं आलेल्यांस पैसे खरोखरच मिळाले. आणि तेंच विष होतें, कारण ज्यांस मिळाले त्यांनीं आपल्या आप्तेष्टांस आणलें. त्याचेच देशबांधव असलेले गरीब इटालियन कामगार त्यांत पुष्कळ होते. वस्तुतः कूपनांचा व्यापार नांवापुरताच होता; मागून येणाऱ्याचा पैसा पुढें आलेल्यास नफा म्हणून दिला जात होता. त्याच वर्षीं ऑगस्टांत सर्व डोलारा कोसळला, पोंझी तुरुंगांत गेला, आणि हजारों घरांची शिल्लक नाहींशी झाली. त्याच १९२० सालच्या ऑक्टोबरांत देजार्दां निवर्तले. एकानें सव्वीस डॉलरांपासून आरंभ केला व त्याचें काम त्याच्या मरणानंतरही टिकलें. दुसऱ्याकडे महिन्यांत लक्षावधि डॉलर आले व वर्ष पुरतें लोटण्याआधींच गेले.

या दोन गोष्टींचा आमच्याशीं संबंध काय? संबंध आहे. ज्या रायफायझन पद्धतीचा देजार्दां यांनीं अभ्यास केला, तीच डोळ्यांपुढें ठेवून हिंदुस्थानांत १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. आणि त्या कायद्यानंतर थोड्याच वर्षांत, १९१८ सालीं, आमच्या वसईंत कॅथोलिक समाजाची सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच आज बसीन कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून सर्वांस परिचित आहे. वाडींत केळीं, पानवेल व फुलें पिकवून, सुकेळीं वाळवून पोट भरणाऱ्या लोकांनीं आपला पैसा एकत्र करण्याचें धाडस त्या काळीं केलें. आम्ही त्यांचे वारस आहों. परंतु पोंझीचे वारसही आमच्याच गल्ल्यांतून हिंडत असतात, कधीं हातीं माहितीपत्रक घेऊन, कधीं दूरध्वनीच्या पडद्यावरून, आणि फार वेळां एखाद्या नातलगाच्याच तोंडून.

म्हणून तरुणांनो, मोठें पाऊल टाकण्यापूर्वीं स्वतःस चार प्रश्न विचारावे अशी आमची विनंती आहे.

पहिला प्रश्न: धोका कोण वाहणार? जो तुम्हांस पैसे घालावयास सांगतो त्याचे स्वतःचे पैसे त्यांत आहेत काय? कीं यश आलें तर दलाली त्याची व अपयश आलें तर कर्ज तुमचें? एकट्या तुम्हांसच पाण्यांत उतरवून जो कांठावर उभा राहतो, त्यास भागीदार म्हणूं नये.

दुसरा प्रश्न: हिशेब कागदावर मांडला काय? एक सोपें गणित सर्वांनीं पाठ करावें. बहात्तर या संख्येस व्याजाच्या वार्षिक दरानें भागिलें असतां, चक्रवाढीनें रक्कम सुमारें किती वर्षांत दुप्पट होते तें कळतें. शेंकडा सहा दरानें बारा वर्षें, बारा दरानें सहा वर्षें. आतां सावकाराचे दरमहा शेंकडा दोन रुपये घ्या. ऐकावयास किती थोडे! परंतु ते वर्षास चोवीस झाले, व न फेडल्यास तीन वर्षांत देणें दुप्पट झालें. उलट, कोणी वर्षांत दुप्पट करून देतों म्हणाला, तर इतका नफा देणारा कोणता धंदा तो करितो हें त्यानें दाखविलें पाहिजे. तो दाखवूं शकत नसेल, तर तो नफा तुमच्यामागून येणाऱ्या शेजाऱ्याच्या खिशांतून यावयाचा आहे, असें समजावें. पैसे गोळा करणाऱ्या अशा अनियंत्रित योजनांस बंदी करणारा कायदा आमच्या देशांत २०१९ सालीं झालेला आहे. बँकेंतील ठेवींस विम्याचें संरक्षण आहे, व ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेंत एका ठेवीदारामागें पांच लाख रुपये करण्यांत आली. ज्या कागदास असें कोणतेंही संरक्षण नाहीं, तो बँकेच्या पावतीसारखा दिसतो म्हणून बँकेची पावती होत नाहीं. परदेशांतील नोकरीसंबंधींही हेंच. अशी भरती करणाऱ्या दलालास १९८३ च्या कायद्यानें सरकारी नोंदणी आवश्यक केली आहे. ती पाहिल्यावांचून एक रुपयाही देऊं नये.

तिसरा प्रश्न: बुडालें तर काय उरेल? वाडीवाला शेतकरी सर्व वाडींत एकच पीक घेत नाहीं. केळीस वादळानें गांठलें तर भाजीपाल्यावर व फुलांवर घर चालतें. उपदेशकाच्या ग्रंथांतही आपलें धन सात-आठ ठिकाणीं वांटावें असा सल्ला आहे. जी रक्कम गेल्यानें मुलांची शाळा सुटणार नाहीं व आजाऱ्याचें औषध थांबणार नाहीं, तेवढीच धोक्यांत घालावी. राहतें घर, म्हाताऱ्या आईबापांचा आधार व शेवटची वाडी हीं पणास लावण्याचीं वस्तु नव्हेत. वाडी एकदां विकली कीं पैसा परत मिळेल, पण वाडी परत मिळावयाची नाहीं. विकावयाचीच असेल तर आधीं त्या पैशाचें काय करणार तें लिहून काढा. विकल्यावर विचार करणाऱ्यांच्या हातांतून पैसा फार लवकर गळतो.

चौथा प्रश्न: सल्ला कोणाचा घेतला? संत थॉमस यांनीं विवेकाचीं जीं अंगें गणिलीं आहेत त्यांत पूर्वानुभवाची आठवण, दूरदृष्टि व सावधगिरी यांच्याबरोबर दुसऱ्याकडून शिकण्याची नम्रताही आहे. त्या धंद्यांत यशस्वी झालेल्या एकास विचारा, व त्याच धंद्यांत बुडालेल्या एकासही विचारा. दुसरा अधिक शिकवील. आणि घरच्या लक्ष्मीस विचारल्यावांचून सही करूं नका. जो व्यवहार पत्नीपासून लपवावा लागतो, त्याचा अर्धा निकाल तेथेंच लागला. जो मनुष्य म्हणेल, विचार करूं नका, आजच सही करा, उद्यां संधि राहणार नाहीं, त्यास सांगा कीं देजार्दां तीन वर्षें थांबले होते.

या चारही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक आलीं, तर मग मात्र थांबूं नका. आमच्या समाजांत आंधळ्या धाडसानें बुडणारे आहेत, तसेच हातीं हुन्नर असून आयुष्यभर दुसऱ्याच्या दारीं उभे राहणारेही आहेत. आणि त्यांच्या पुरलेल्या तलांताचा हिशेब कोणी मागत नाहीं, म्हणून तो कोणास दिसत नाहीं. चांगला सुतार, चांगली शिवणकाम करणारी मुलगी, वाहनाचें यंत्र उघडून पुन्हां जोडणारा पोरगा, यांस लहानशा भांडवलाची व थोड्या हिंमतीची गरज आहे. लहान आरंभाची लाज वाटूं देऊं नका.

आतां वडीलधाऱ्यांस एक शब्द. पुरतें मोजूनही कधीं कधीं पाऊल चुकतें. पाऊस लागतो, बाजार बसतो, रोग येतो. हिशेब बरोबर असूनही होडी रिकामी येते. अशा मुलास आपण काय म्हणतों? सांगितलें होतें, ऐकलें नाहीं. नोकरी धरली असती तर बरें झालें असतें. मग तो लाजेनें घर सोडतो, देवळांत येणें टाकतो, आणि पहिलें कर्ज झांकण्यासाठीं दुसरें काढतो. कर्जानें जितकीं घरें मोडलीं तितकींच लपविलेल्या कर्जानें मोडलीं आहेत. ज्यानें प्रामाणिकपणें प्रयत्न केला व हरला, त्यास मान खालीं न घालितां सर्वांत आधीं जेथें येतां यावें, असें ठिकाण धर्मग्राम असलें पाहिजे. जाणत्या मंडळींनीं त्याच्याबरोबर बसून देण्याची यादी करावी, सावकाराशीं बोलणें करावें, पुन्हां उभें राहण्यास हात द्यावा. शेजाऱ्याचा आधार जेथें पक्का, तेथें तरुण धाडस करूं शकतात.

शेवटीं, यश म्हणजे काय हेंही विसरूं नये. तलांतांच्या कथेंतील द्रव्य चाकरांचें नव्हतेंच. तें धन्याचें होतें. आमची वाडी, आमचें हुन्नर, आमचे दोन हात हींही आम्हांस सोपवून दिलेलीं आहेत. म्हणून तीं पुरून ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि तीं उधळण्याचाही नाहीं. ज्या पूर्वजांनीं हें मंदिर उभारिलें त्यांनींही पाया खणण्याआधीं दगड, चुना व मजुरी मोजलीच असेल. आणि मोजून झाल्यावर घाबरून घरीं न जातां कुदळ हातीं घेतली असेल. तोच वारसा आमच्या तरुणांकडे जावो, त्यांच्या हातांस यश येवो, व जेथें यश येणार नाहीं तेथें त्यांस एकटें न सोडणारे शेजारी लाभोत, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.